माशांच्या टाकीजवळचं टेबल

माशांच्या टाकीजवळचं टेबल रिकामं होतं. आर्नीनं कोट खुंटीला अडकवला, मफलर कोटाच्या बाहीत कोंबला, टोपीखाली चपटे झालेले उरलेसुरले केस बोटांनी सारखे केले आणि मग दर वर्षी बघायचा तसं, न बघितल्यासारखं करून तिकडे बघितलं. पांढरा टेबलक्लॉथ, पालथे घातलेले चहाचे पेले, मधोमध सोया सॉसची बाटली, आत सरकवलेल्या खुर्च्या. टाकीतला जाडा करडा मासा काचेला तोंड लावून उघडझाप करत होता. बाकी हॉटेल माणसांनी फुटायला आलं होतं. दाराशी लोक कोट अंगावर ठेवूनच ताटकळत होते, कुणाच्या तरी म्हाताऱ्याला चाकाच्या खुर्चीतून आत घेण्यासाठी दार उघडं धरलं होतं आणि बाहेरचा गारठा सरळ पायांत शिरत होता. वाढपी डोक्यावरून ताटं नेत होते, आलं-लसणाच्या वाफेनं खिडक्या धुरकटल्या होत्या, आणि या सगळ्या रेटारेटीत ते एक टेबल पडलेल्या दाताच्या जागेसारखं मोकळं. आर्नीला वाटलं, आपण लवकर आलो असू. पण लवकर आलो नव्हतो. रॉझनं निघताना गॅस बंद आहे का ते पुन्हा पुन्हा बघितलं होतं, त्यामुळे उशीरच झाला होता.

"बस की आता," रॉझ म्हणाली. "खुर्चीनं काय हात धरून बसवायचं का तुला?"

तो बसला. खिडकीशेजारचं, कोटांच्या खुंट्यांजवळचं टेबल त्यांचं. इथून टाकी तिरकी दिसे. मान वळवावी लागत नसे. मेन्यू चेहऱ्यासमोर धरला की डोळ्याच्या कोपऱ्यातून तिकडचं सगळं कळे. मेन्यू त्याला तोंडपाठ होता, तरी तो दर वर्षी पहिल्या सूपपासून शेवटच्या लिचीपर्यंत वाचून काढी. आज तो हातात धरल्यावर त्याच्या लक्षात आलं की वाचायला काहीच नाही. अक्षरं होती, पण त्यांच्या पलीकडे कुणी नव्हतं. त्यानं मेन्यू खाली ठेवला, पुन्हा उचलला. इतकं अस्वस्थ व्हायचं काय कारण, असं त्यानं स्वतःला विचारलं. ज्या माणसाशी आपण बोलत नाही तो माणूस आला नाही, एवढंच तर झालंय. उलट बरंच झालं. आज निवांत जेवता येईल.

मेल्विन त्याचा भाऊ, चारेक वर्षांनी मोठा. इथून दोन मैलांवर राहायचा. त्याच्या आयुष्यातली गेली कित्येक वर्षं आर्नीला माहीत होती ती या खिडकीतल्या खुर्चीवरून, वर्षातून एकदा, एका जेवणाएवढी. एका नाताळला मेल्विनची मधली मुलगी नवरा घेऊन आली. पुढच्याला तिचं पोट दिसलं. त्याच्या पुढच्याला उंच खुर्चीत बसवलेलं मूल भाताचे कण टाकीच्या काचेवर चिकटवत होतं. मग एका वर्षी नवरा नव्हता. एका वर्षी मेल्विननं दाढी ठेवली, पुढच्या वर्षी काढली. एकदा त्यानं दारू मागवली नाही आणि नंतर कधीच मागवली नाही, तेव्हा आर्नी घरी जाताना रॉझला म्हणाला होता, "लिव्हर असेल." रॉझ म्हणाली होती, "लिव्हर नाही, साखर." तिला कसं कळलं हे त्यानं विचारलं नव्हतं. त्याला माहीत होतं. रॉझ आणि मेल्विनची बायको फ्लॉरेन्स दर नाताळला बायकांच्या स्वच्छतागृहात हात धुण्याच्या बेसिनपाशी उभ्या राहून वर्षभराच्या बातम्या उरकून घेत. दोघी एकामागून एक उठत. नवऱ्यांना वाटे की नवऱ्यांना हे कळत नाही असं बायकांना वाटतं. सगळ्यांना सगळं माहीत होतं. बाहेर येऊन रॉझ कागदानं हात पुसत भिंतीला सांगितल्यासारखं म्हणे, "त्यांच्या डेबीचा घटस्फोट झाला." आर्नी मेन्यूच्या आडून म्हणे, "कुणाच्या?" आणि रॉझ म्हणे, "कुणाच्या नाही."

नाताळला लकी पॅव्हिलियन या चिनी हॉटेलात जेवायचं आणि मग सिनेमाला जायचं, हे आर्नीच्या, म्हणजे शापोल्स्कींच्या घरात कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या निम्म्या ज्यू घरांत तेच चालायचं. त्या दिवशी दुसरं उघडं असतं काय? चिनी माणसाचा तो सण नाही, आपलाही नाही, मग दोघांनी एकमेकांकडे बघून दिवस काढायचा. पण त्यांच्या घरात आणखी एक कारण होतं. वडील इथेच शेजारी, आता जिथे औषधांचं मोठं दुकान झालंय तिथल्या थिएटरात, वरच्या खोलीत प्रोजेक्टर चालवायचे. तिथला दुसरा ऑपरेटर डॉमिनिक म्हणून एक इटालियन होता, पाच पोरांचा बाप. नाताळला त्याची पाळी वडील करत. "त्याचा सण, माझी पाळी. आपला सण आला की त्याची पाळी," वडील म्हणत, आणि दोघांनाही आपण दुसऱ्याला फसवतोय असं वाटून समाधान मिळे. आई दोन्ही पोरांना घेऊन इथे जेवायला येई. घरी दूध आणि मांस यांची भांडी वेगळी, फडकी वेगळी ठेवणारी आई. पण इथे डंपलिंग आली की ती चष्मा काढून पर्समध्ये ठेवी. आत भरलेलं, धर्मात न चालणारं डुकराचं मांस दिसायला नको. "फार चविष्ट असते हो यांची कोंबडी," ती चष्म्याविना डोळे बारीक करून म्हणे, आणि मेल्विन टेबलाखालून आर्नीच्या पायावर पाय देई, हसू नकोस म्हणून. मग पुड्यात वडिलांचं जेवण बांधून घेऊन सगळे थिएटरात. अरुंद लोखंडी जिना, वर ती खोली, डिसेंबरातसुद्धा भट्टीसारखी तापलेली. वडील गंजिफ्रॉकवर. प्रोजेक्टरात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांचा धातूसारखा वास, आणि त्यात तळलेल्या एग रोलचा वास मिसळला की आर्नीला वाटे, स्वर्गात असाच वास येत असणार.

रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका चमकून जाई. पहिला ठिपका आला की दुसरं यंत्र सुरू करायचं, दुसरा आला की बदलायचं. खाली बसलेल्या हजार माणसांना तो दिसायचा नाही. दोन पोरांना दिसायचा. बाल्कनीत बसून ठिपका आला रे आला की मेल्विन आर्नीच्या दंडाला चिमटा काढी आणि दोघं मागे वळून त्या चौकोनी भोकाकडे बघत, जिथे वडील होते पण दिसत नव्हते, फक्त उजेड येत होता.

"साहेब," कुणीतरी म्हणालं. विनी होती, जुन्या मालकाची, मिस्टर क्वानांची मुलगी. आता गल्ला तीच सांभाळायची. "भाऊ नाही का येणार या वर्षी? दाराशी माणसं मला फाडून खातील आता. टेबल सोडू का?"

आर्नी तिच्याकडे बघत राहिला. या हॉटेलात त्यानं कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. "कोण भाऊ?"

"ते तिथे बसतात ते." विनीनं पेन्सिल आधी टाकीकडे आणि मग स्वतःच्या कानाकडे नेली. "कान सारखे आहेत ना तुमचे. बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलंय. यांना जवळ बसवायचं नाही, पण लांबही बसवायचं नाही."

"थोडा वेळ ठेव," आर्नी म्हणाला. आपण असं का म्हणालो, ते त्यालाही कळलं नाही. विनीनं मान हलवली आणि ती दाराशी जाऊन कुणाची तरी समजूत घालू लागली. एक बाई आर्नीकडे बोट दाखवून काहीतरी बोलली. आर्नीनं मेन्यू वर केला.

रॉझ स्वच्छतागृहाकडे गेली. परत आली ती हात न पुसताच. "मी तिथे वेड्यासारखी उभी राहून हात धुतेय," ती म्हणाली. "एक बाई म्हणाली, स्वच्छ झाले हो ते. आर्नी, ती आलीच नाही."

"कोण?"

"आता पुरे कर तुझं कोण कोण. फ्लॉरेन्स. एवढ्या वर्षांत एकदाही चुकलं नाही त्यांचं. मी केमो घेत होते तेव्हासुद्धा ते आले होते आणि मीसुद्धा आले होते." तिनं पर्समधून फोन काढला. "आमचं ठरलंय, फोन करायचा नाही म्हणून. पण मी करणार."

"नंबर आहे तुझ्याकडे?"

"तुला काय वाटलं, बाराखडीनं शोधणार आहे?"

फोन वाजत राहिला. रॉझच्या कानाला लागलेला असूनही आर्नीला ती घंटी ऐकू येत होती. कुणी उचलला नाही. तेवढ्यात सूप आलं. त्यांनी सूप घेतलं. डंपलिंग आली, ती खाल्ली. आर्नीला चव कळत होती आणि त्याचाच त्याला राग येत होता. बदक आलं. बदक खाताना त्यानं पाहिलं, विनी टाकीजवळच्या टेबलाकडे गेली, तिनं एकदा त्याच्याकडे बघितलं, आणि मग सहा जणांच्या एका घोळक्याला तिथे बसवलं. मेल्विन बसायचा त्या खुर्चीत लाल स्वेटर घातलेला एक तरुण माणूस बसला आणि त्यानं लगेच पेला सुलटा केला.

जेवणानंतर नव्या थिएटरात सगळी वस्ती लोटली होती. आपल्या ज्यू नवीन वर्षाच्या प्रार्थनेलाही सिनागॉगमध्ये इतकी माणसं येत नाहीत, असं रॉझ दर वर्षी म्हणे तसं ती म्हणाली. अर्ध्या लोकांनी एकमेकांना हात केले. आडव्या होणाऱ्या खुर्च्या, अंगावर पॉपकॉर्नचे डबे, पुढच्या रांगेतली एक म्हातारी नवऱ्याला मोठ्यानं विचारतेय, "हा तोच का? मघाचा मेलेला?" सिनेमा एका दीपगृहावर राहणाऱ्या बाप-लेकीचा होता. निळंकाळं पाणी, वारा, बाप जिना चढतोय, मुलगी खाली वाट बघतेय. आर्नी सवयीनं उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बघत होता. आता तिथे काही येत नाही हे त्याला माहीत होतं. आता रिळं नाहीत, ठिपके नाहीत, वरच्या खोलीत कुणी माणूस नाही. तरी मान तिकडे जायची, आणि दंडावरची एक जागा आपोआप आखडायची.

वडील गेले तेव्हा तो कामानिमित्त डेन्व्हरला होता. फेब्रुवारी होता. मेल्विनचा फोन आला तो गुरुवारी पहाटे, आणि दफन शुक्रवारी दुपारी, कारण संध्याकाळी शब्बाथचा पवित्र दिवस लागणार, त्यानंतर रविवारपर्यंत काही करता येणार नाही, आणि मेलेल्याला ताटकळत ठेवायचं नसतं. आर्नी मिळेल त्या विमानात बसला. शिकागोत बर्फानं विमान अडकलं. विमानतळावरच्या खांबाला लावलेल्या फोनवरून त्यानं मेल्विनला सांगितलं होतं, "मी येतोय. मी येतोच आहे. थांब." मेल्विन म्हणाला होता, "बघतो." टॅक्सीनं लाँग आयलंडच्या कब्रस्तानाच्या फाटकात सोडलं तेव्हा उजेड उतरला होता. आर्नी शहरी बुटांनी बर्फातून पळत गेला. तिथे कुणी नव्हतं. एक ताजा ढिगारा होता, त्यावर बर्फ भुरभुरायला लागलं होतं, आणि मेल्विन एकटा बाजूला उभा होता, हात खिशात घालून. "थांबता आलं नाही," मेल्विन म्हणाला. आर्नीला वाटलं होतं, निदान फावडं असेल. एक फावडंभर माती. मुलानं बापावर घालायची ती. पण माणसं फावडी घेऊन गेली होती. मग सुतकाचे सात दिवस दोघं भाऊ एकाच खोलीत, झाकलेल्या आरशांखाली, बुटक्या स्टुलांवर बसले होते. आर्नी एका कोपऱ्यात, मेल्विन दुसऱ्या. लोक एकाला भेटून दुसऱ्याकडे जात. शेवटल्या दिवशी आर्नी उठला तो आजवर बोलला नाही. त्याला राग येई तो मेल्विनचा येई, पण रागाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ते तो कधी रॉझलाही सांगू शकला नव्हता. पेटी खाली जाताना त्यानं पाहिली नव्हती. मातीचा आवाज ऐकला नव्हता. त्यामुळे त्याच्या डोक्यात वडील पुरते मेलेच नव्हते. ते अजून वर त्या खोलीत, गंजिफ्रॉकवर, उजेडाच्या मागे होते, आणि त्यांचं जेवण घेऊन वर जायचं राहून गेलं होतं.

त्या वर्षीच्या नाताळला तो लकी पॅव्हिलियनला आला, कारण त्याला वाटलं मेल्विन येणार नाही. मेल्विनलाही तसंच वाटलं असणार. माघार कुणीच घेतली नाही. आई तेव्हा होती. ती मेल्विनच्या टेबलावर जेवायला बसली, आणि अर्धं जेवण झाल्यावर स्वतःची ताटली दोन्ही हातांनी धरून, सगळ्या हॉटेलातून वाट काढत, खिडकीपाशी आर्नीच्या टेबलावर आली. वाढप्यांनी बाजूला होऊन तिला रस्ता दिला. ती असेपर्यंत दर वर्षी तसंच करत राहिली. तिलाही पुरलं ते दोघांनी, खड्ड्याच्या दोन बाजूंना उभं राहून.

पडद्यावर दीपगृहाचा दिवा विझला आणि थिएटरात पुरता काळोख झाला. त्या काळोखात आर्नीच्या मनात एक सरळसाधा विचार आला. मेल्विन मेला असेल. आणि आपल्यात मेलेल्याला ठेवत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरतात. म्हणजे पुरलाही असेल. आपल्यासाठी कोण थांबणार? आपण कोण त्यांचे? फ्लॉरेन्सनं फोन उचलला नाही, कारण ती बुटक्या स्टुलावर बसली असेल. पुढची म्हातारी म्हणाली, "आता काय झालं? लाइट गेले?" आर्नी उठला.

"कुठे?" रॉझ कुजबुजली.

"टॉयलेट."

त्यानं गाडी काढली. रस्ते मोकळे होते. घरोघरच्या छपरांवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, एका अंगणात फुगवलेला सांताक्लॉज हवा कमी होऊन गुडघ्यांवर आला होता. मेल्विनची इमारत त्याला माहीत होती. या रस्त्यावरून तो अनेकदा गेला होता, गाडी हळू करून, पण न थांबवता. आज थांबवली. खालच्या दालनात नाताळचं झाड आणि ज्यूंच्या हानुक्का सणाची विजेची दिवली एकमेकांना खेटून ठेवली होती आणि पहाऱ्याची खुर्ची रिकामी होती. लिफ्टमध्ये तो ठरवत होता, फ्लॉरेन्सनं दार उघडलं तर काय म्हणायचं. दाराबाहेर पाण्याचं भांडं ठेवलंय का, ते त्यानं बघितलं. सुतकात ठेवतात, कब्रस्तानातून आलेल्यांनी हात धुवावेत म्हणून. भांडं नव्हतं. त्यानं घंटी वाजवली.

दार मेल्विननं उघडलं. पायात सपाता, अंगात बटणांचा स्वेटर, उजवा हात खिशात. इतक्या जवळून तो फार लहानखुरा दिसला.

"कोण गेलं?" मेल्विननं विचारलं.

"तेच विचारायला आलोय," आर्नी म्हणाला.

"मेल, त्याला आत घे, सगळी ऊब बाहेर चाललीय!" स्वयंपाकघरातून फ्लॉरेन्स ओरडली. कोण आलंय हे तिनं विचारलंसुद्धा नाही.

टेबलावर अंडी होती आणि टोस्ट. मेल्विन बसला. फ्लॉरेन्सनं आर्नीसाठी ताटली मांडली, त्याच्या खांद्याला हात लावला आणि नाक पुसत ती गॅसकडे वळली. "रॉझचा फोन वाजत होता," ती पाठमोरी म्हणाली. "हा म्हणे, उचलू नकोस. मी म्हटलं, ती बिचारी घाबरेल. हा म्हणे, घाबरू दे."

"बरी आहेस ना तू, फ्लो?" आर्नीनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? याला सप्टेंबरात झटका येऊन गेला. लहानसा."

"डॉक्टरला लहानसा," मेल्विन म्हणाला. त्यानं उजवा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. ठेवला म्हणजे डाव्या हातानं उचलून ठेवला. बोटं अर्धवट मिटलेली होती, आतलं पाखरू उडून गेल्यावर राहतात तशी. "काटा धरता येत नाही. डाव्यानं खातो, निम्मं मांडीवर. फ्लो म्हणाली, चल, काय होतंय. मी म्हटलं, त्याच्या समोर नाही. मी नूडल्स पाडत बसायचं आणि तो मेन्यूच्या आडून बघणार."

"मी मेन्यू वाचत असतो."

"इतकी वर्षं? अजून संपला नाही?"

फ्लॉरेन्स गॅसपाशी फसकन हसली. आर्नीनं ताटली जवळ ओढली. म्हणजे मेल्विनला माहीत होतं. म्हणजे टाकीजवळच्या खुर्चीवरूनही खिडकी तिरकी दिसत होती.

"तुझा उजवा कान गेलाय," मेल्विन म्हणाला. "चार-पाच वर्षं झाली. रॉझ बोलली की अख्खी मान वळवतोस. आणि कोलंबी बंद केलीस. आणि ज्या वर्षी रॉझ डोक्यावरची टोपी न काढता जेवली..." डाव्या हातानं त्यानं टोस्टचा तुकडा सरकवला. "त्या वर्षी मी उठलो होतो. तुमच्या टेबलाशी यायला. फ्लोला विचार."

"उठला होता," फ्लॉरेन्स म्हणाली.

"मग?"

"मग तू मेन्यू वर केलास."

आर्नी ताटलीतल्या अंड्याकडे बघत राहिला. ते वर्ष त्याला स्वच्छ आठवत होतं. मेल्विन उठला ते त्यानं पाहिलंच होतं. त्याला वाटलं होतं, तो स्वच्छतागृहाकडे चाललाय.

"तू थांबायला हवं होतंस," तो एकदम म्हणाला. हे वाक्य इतकी वर्षं तोंडात धरलं होतं. बाहेर आल्यावर ते अगदी साधं निघालं, आवाजही चढला नाही.

मेल्विन म्हणाला, "शुक्रवार होता. माणसं निघायला लागली होती. आईचे ओठ निळे पडले होते, ती उभ्या उभ्या डुलत होती. मी तासभर थांबलो, आर्नी. मग नाही थांबलो. आज परत तसं झालं तरी नाही थांबणार. खोटं कशाला बोलू?"

आर्नीनं रागाची वाट बघितली. राग आला, पण ओळखीच्या माणसासारखा आला, दाराशी जरा उभा राहिला, आणि त्याला बसायला जागा नव्हती. "आवाज कसा होता?" आर्नीनं विचारलं.

"कसला?"

"मातीचा."

मेल्विन त्याच्याकडे नीट बघायला लागला. "गोठलेली होती," तो हळूहळू म्हणाला. "ढेकळं होती नुसती. लाकडावर पडली की कुणीतरी खालून दार ठोठावल्यासारखं वाटायचं. मग लाकूड झाकलं गेलं. मग मातीवर माती. तो आवाजच नसतो." त्यानं उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं सरळ केली. "पहिलं फावडं मी टाकलं. उलटं धरून, आपल्यात टाकतात तसं. दुसरं तुझ्या नावानं टाकलं. धर्मगुरू म्हणाला, असं काही नसतं. मी म्हटलं, असू दे. तू आलास तेव्हा सांगणार होतो. तू तोंड उघडू दिलं नाहीस, आणि मग माझाही माज चढला."

फ्लॉरेन्सनं नळ सोडला, काही धुवायचं नसताना. आर्नीला दिसलं, बर्फातला खड्डा, त्याच्या काठावर मेल्विन, आणि फावड्यावरून सुटलेली माती. ती खाली गेली, लाकडावर पडली. डोळे भरून आले तसे त्यानं ते वाहू दिले. वरच्या खोलीतला उजेड विझवून वडील जिना उतरले असते तर असंच वाटलं असतं, हलकं आणि फार एकटं. मेल्विन डाव्या हातानं अंड्याचा घास उचलायला लागला. अर्धा काट्यावर राहिला, अर्धा स्वेटरवर पडला. त्यानं आर्नीकडे बघितलं. आर्नीनं नजर वळवली नाही, आणि पुसायलाही पुढे झाला नाही. मेल्विननं स्वतःच तो बोटानं उचलून तोंडात टाकला.

तेव्हा फोन वाजला.

"आर्नी! टॉयलेटात पडलास की काय? सिनेमा सुटला! मॅनेजर पुरुषांच्या टॉयलेटात शिरून तुझ्या नावानं हाका मारतोय!"

"मी मेल्विनकडे आहे."

मग रॉझनं विचारलं, "जिवंत आहे?"

"अंडी खातोय."

"देवा रे." ती रडत होती की हसत होती ते कळलं नाही. "आणि गाडी घेऊन गेलास ना मेल्या! मी काय त्या दीपगृहावर जाऊन राहू?"

तो उठला. फ्लॉरेन्सनं त्याला कोट दिला. मेल्विन दारापर्यंत आला, चौकटीला टेकून उभा राहिला. "उद्या काय करतोयस?"

"उद्या?" आर्नीला विचार करावा लागला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी ते काय करतात ते त्याला आठवेना. "काही नाही."

"मला हाताच्या व्यायामाला जायचं असतं सकाळी. फ्लो नेते. पण बर्फात ती गाडी चालवते तेव्हा मला दुसरा झटका येईलसं वाटतं."

"मी ऐकतेय," फ्लॉरेन्स म्हणाली.

"येतो मी," आर्नी म्हणाला.

सकाळी रस्ते पुन्हा भरले होते. कचऱ्याच्या गाड्या निघाल्या होत्या, दुकानांची शटरं वर गेली होती, परत करायच्या वस्तूंच्या पिशव्या घेऊन लोक बस थांब्यांवर उभे होते. कुठलाही सण नसलेला गुरुवार होता. रॉझ फ्लॉरेन्सकडे वर गेली, आणि मेल्विन चांगला कोट घालून, केस ओले करून विंचरून खाली आला. आर्नीनं गाडीचं दार उघडलं, त्याच्या सीटच्या पट्ट्याचं बक्कल लावून दिलं. कोपऱ्यावर सिग्नल लाल होता. इतक्या वर्षांनी कशानं सुरुवात करायची, याचा आर्नी विचार करत होता. सिग्नल हिरवा झाला.

"डावीकडे घे," मेल्विन म्हणाला.

"सरळ लवकर जातं."

"सरळ खोदून ठेवलंय."

"खोदलेलं बुजवलं कधीच. मी राहतो ना इथेच?"

"राहतोस तर मग गाडी अशी कशी चालवतोस? डावीकडे, आर्नी!"

आर्नीनं सरळ घेतली. पुढे खोदलेलं होतं. ते अर्धा तास तिथे अडकून पडले, आणि व्यायामाच्या दवाखान्यापर्यंत रस्त्यावरूनच भांडत गेले.